फळ्यामागचे डबे आणि स्क्रीनवरचा फळा

बाबासाहेबांच्या शाळेतला एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी भीमरावाला उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ आला तर ते बाटणार! पोरे धावली, डबे बाजूला केले, आणि मगच भीमरावाच्या हाती खडू आला.

हा प्रसंग आपण भाषणांत अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. आम्हाला तो आज गणिताच्या इतिहासातला प्रसंग म्हणून सांगायचा आहे. फळा सर्वांचा होता. शाळा सरकारी होती, म्हणजे जनतेच्या पैशावर चालत होती. तरी फळ्याजवळ कोणी उभे राहायचे, हे फळ्यामागचे डबे ठरवत होते.

हे आज आठवायचे कारण असे की फळा आता स्क्रीनवर आला आहे. २०२० पासून जगभरचे गणिताचे संशोधन सेमिनार ऑनलाइन झाले. एखादा गणितज्ञ आपले नवे संशोधन तासभर मांडतो, बाकीचे ऐकतात, शंका काढतात. पूर्वी हे विद्यापीठांच्या बंद खोल्यांत चालायचे. आता लिंक मिळाली की जळगाव जामोदच्या पोरालाही ते ऐकता येते. त्यावरून काही शहाणे लोक आम्हाला विचारू लागले आहेत, "आता सगळे ज्ञान मोबाईलवर फुकट मिळते. मग तुम्हाला आरक्षण, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या कशाला पाहिजेत?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे.

पाटणचा मठ, तेल्याचा घाणा

आमच्या जळगाव जामोदची गल्लत बाहेरचे लोक नेहमी खानदेशातल्या जळगावशी करतात. त्याच खानदेशी जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण हे गाव आहे. तिथे इ.स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्याने मठ स्थापला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातील मांडलिकांनी मठाला उत्पन्न लावून दिले, असे हा लेख सांगतो. महाराष्ट्राच्या भूमीवर गणिताच्या अध्ययनासाठी उभी केलेली, दगडावर नोंद असलेली ही जुनी संस्था. आजच्या भाषेत बोलायचे तर संशोधन केंद्रच.

आता त्या लेखाचा मराठी भाग पाहा. मठाचा खर्च कशातून भागणार, हे त्यात लिहिले आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला. तेल्याच्या घाण्यामागे ठरलेले तेल मठाला दिले. म्हणजे घाणा फिरवणारा तेली, बाजारात माल आणणारा शेतकरी आणि घरचे मीठमिरची घ्यायला आलेला साधा गिऱ्हाईक, हे सगळे त्या गणिताचे खर्चदार होते. पण मठात पोथीसमोर कोणाचे पोर बसणार, हे वर्णव्यवस्थेने आधीच ठरवून टाकले होते. तेलाची पळी आत गेली, तेल्याचे पोर बाहेर राहिले.

भास्कराचार्यांच्या बुद्धीबद्दल आमच्या मनात आकस नाही. आमचा प्रश्न मठाच्या दाराबद्दल आहे.

फुल्यांचा हिशोब

हाच हिशोब महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असे त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सुनावले. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा प्रश्न शिक्षणाच्या बाबतीत इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे त्यांनीच विचारला.

बाबासाहेबांनी तो पुढे नेला. ते स्वतः आकड्यांचे माणूस होते. १९१८ चा त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध पाहा, किंवा १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' पाहा. आकडे, कोष्टके आणि तर्क यांच्या बळावर ते मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांशी भिडले. भावनेवर लढणारा नेता ही त्यांची प्रतिमा प्रस्थापितांनी सोयीसाठी रंगवली आहे.

१९४५: एका वर्षातल्या दोन संस्था

आता एक योगायोग बघा. १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली. होमी भाभांनी आदल्या वर्षी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून तिची कल्पना मांडली होती. पुढे केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचा पैसा तिच्यामागे उभा राहिला. के. चंद्रशेखरन यांनी तिथला गणित विभाग घडवला. लॉरां श्वार्त्झ, कार्ल लुडविग सिगेल यांच्यासारखे जगातले पहिल्या रांगेतले गणितज्ञ मुंबईत येऊन शिकवून गेले. तरुण संशोधकांनी त्यांच्या व्याख्यानांची टिपणे काढली, ती पुस्तकरूपाने छापली गेली आणि जगभर वाचली गेली. १९५६ मध्ये झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठी संस्थेची देखणी इमारत खुली झाली.

टीआयएफआर सुरू झाल्यावर पाच-सव्वापाच आठवड्यांनी, ८ जुलै १९४५ रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करून शिकणाऱ्याला तिथे पदवीपर्यंत जाता आले. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले.

एका संस्थेने भारतीय गणित जगाच्या पातळीवर नेले. दुसरीने ज्यांच्या सात पिढ्यांना अक्षर नाकारले होते त्यांना पदवीच्या दारात आणले. दोन्ही कामे मोठी आहेत आणि दोन्ही एकाच शहरात झाली. पण सिद्धार्थच्या वर्गातून कुलाब्याच्या सेमिनार खोलीपर्यंत जाणारा जिना कोणी बांधला नाही. आमचे दुखणे तिथे आहे.

सेमिनार म्हणजे काय

सेमिनार आणि व्याख्यान यांत फरक आहे. १८३४ मध्ये कोनिग्सबर्ग या जर्मन विद्यापीठात याकोबी आणि फ्रान्झ नॉयमन यांनी गणित आणि भौतिकशास्त्राचा सेमिनार सुरू केला. गुरूने सांगावे आणि शिष्याने ऐकावे एवढ्यावर त्यांना थांबायचे नव्हते. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न हाती घ्यावा, सोडवावा आणि सर्वांसमोर मांडावा, ही सेमिनारची रीत.

मॉस्कोत १९४३ पासून इस्राएल गेलफांड यांचा सेमिनार दर आठवड्याला भरायचा आणि तो अनेक दशके चालला. नामांकित प्राध्यापक आणि नवखा विद्यार्थी एकाच खोलीत बसायचे. गेलफांड वक्त्याला मध्येच थांबवायचे आणि एखाद्या विद्यार्थ्याला म्हणायचे, तुला काय कळले ते सांग. या माणसाला स्वतःला माध्यमिक शाळा पूर्ण करता आली नव्हती. सोळा-सतराव्या वर्षी ते मॉस्कोत आले, मिळेल ते काम केले, विद्यापीठातली व्याख्याने आणि सेमिनार ऐकले, आणि पदवी नसताना १९३२ मध्ये थेट संशोधक विद्यार्थी झाले. त्या काळी तिथल्या एका दाराला फट होती, म्हणून हे घडले.

सांगायचे तात्पर्य, सेमिनारचा प्राण प्रश्नात असतो. नुसते ऐकणारा माणूस अजून सेमिनारच्या आत आलेला नसतो.

२०२० मध्ये काय बदलले

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जगभरच्या सेमिनार खोल्यांना कुलूप लागले. काही आठवड्यांतच गणितज्ञ झूमवर आले. अमेरिकेतील एमआयटीच्या गणितज्ञांनी त्याच वर्षी जगभरच्या ऑनलाइन सेमिनारांची एक सामाईक यादी उभी केली. कुठला सेमिनार कधी, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या घड्याळाप्रमाणे दिसू लागले. आयआयटी मुंबईतून कम्युटेटिव्ह अल्जिब्रा या शाखेचा आभासी सेमिनार सुरू झाला आणि परदेशातले तज्ज्ञ त्यात बोलू लागले. बंगळुरूच्या आयसीटीएसची व्याख्याने यूट्यूबवर कोणालाही पाहता येतात.

हा बदल छोटा नाही. पूर्वी जळगाव जामोदच्या पोराला कुलाब्याचा एक सेमिनार ऐकायचा तर एसटीने नांदुरा गाठायचे, तिथून रेल्वेने रात्रभर मुंबई, मग राहायचे कुठे हा प्रश्न, आणि शेवटी फाटकावरचा पहारेकरी विचारणार, कोणाकडे काम आहे? आता हे सगळे एका लिंकवर आले. पैसे वाचले, फाटक गेले, आडनाव विचारणारा गेला. या तंत्रज्ञानाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण लिंक म्हणजे प्रवेश नव्हे.

२०२१ मधली गोष्ट. आमच्या तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक मुलगा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाणारे. त्याला गणिताचे वेड. कोणाकडून तरी त्याला एका सेमिनारची लिंक मिळाली. रात्री साडेनऊला तो आमच्याकडे आला, कारण त्याच्या गावात रेंज टिकत नव्हती. आम्ही शेजारी बसलो. वक्ता युरोपातून बोलत होता. साठ-सत्तर नावे स्क्रीनवर होती. दहा मिनिटांत शब्द डोक्यावरून जाऊ लागले, तरी पोरगा वहीत उतरवत राहिला. शेवटी संयोजकांनी विचारले, कोणाला प्रश्न आहेत का? मुलाने चॅटमध्ये दोन ओळी टाइप केल्या, थांबला आणि पुसून टाकल्या. आम्ही विचारले, का रे पुसले? तो म्हणाला, "दादा, मले काय समजलं नाही थेच समजत नाही. मंग इचारू काय?"

त्याला कोणी हाकलले नव्हते. कोणी डबे उचलले नव्हते. तरी त्याचा प्रश्न त्या खोलीत पोहोचला नाही.

अडथळे कुठे आहेत

पहिला अडथळा साधनांचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे चार घरांत संगणक होता आणि सुमारे पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. टाळेबंदीत जेव्हा ज्ञान ऑनलाइन गेले, तेव्हा पाया इतका कच्चा होता.

दुसरा अडथळा पायऱ्यांचा. संशोधन सेमिनार हा विसावा मजला आहे. वक्ता गृहीत धरतो की ऐकणाऱ्याने बीएस्सीनंतर चार-पाच वर्षे त्याच शाखेचा अभ्यास केला आहे. जिल्ह्याच्या महाविद्यालयात परीक्षेपुरते गणित शिकलेल्या मुलाला थेट विसाव्या मजल्याची खिडकी दाखवून "बघ, खुली आहे" म्हणणे ही थट्टा आहे.

तिसरा अडथळा दिसत नाही. समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्ही त्याला बोर्द्यूच्या शब्दांत सांस्कृतिक भांडवल म्हणतो. प्रश्न कसा सुरू करायचा, "मला कळले नाही" हे न लाजता कसे म्हणायचे, कोणत्या प्राध्यापकाला पत्र लिहायचे, हे ज्याच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत त्याला जेवणाच्या ताटावर शिकायला मिळते. सेमिनारच्या आधीच्या चहावर ओळखी होतात, पुढे शिफारसपत्रे मिळतात. स्क्रीनवर व्याख्यान दिसते, तो चहा दिसत नाही.

आणि चौथा अडथळा कायद्यातला. तो तर प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवा. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायद्याने केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा दिल्या. पण याच कायद्याच्या कलम ४ ने काही संस्थांना त्यातून वगळले आणि त्यांची यादी अनुसूचीत जोडली. त्या यादीत मुंबईची टीआयएफआर आहे, चेन्नईची इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस आहे आणि अलाहाबादची हरिश्चंद्र रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. देशातल्या गणित संशोधनाची ही अग्रगण्य केंद्रे. पैसा जनतेचा, पण प्रवेशात आरक्षण देण्याचे या कायद्याचे बंधन नाही. कारण काय सांगितले जाते? उत्कृष्टता!

पाटणच्या मठाची आणि या अनुसूचीची भाषा वेगळी आहे. तेल्याच्या पळीचा हिशोब मात्र तोच आहे. म्हणून सेमिनारची लिंक दाखवून आरक्षणाला विरोध करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की श्रोत्यांच्या यादीत नाव येणे आणि संशोधकाच्या खुर्चीवर बसणे यांत फार अंतर आहे. खिडकी उघडली म्हणून दार मागणे आम्ही सोडणार नाही.

मॉस्कोच्या ज्यूंनी काय केले

फक्त तक्रार करून थांबणे बाबासाहेबांच्या लेकरांना शोभत नाही. म्हणून पुन्हा मॉस्कोकडे वळू. तिथून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

१९६४ मध्ये गेलफांड यांनी पत्राद्वारे गणित शिकवणारी शाळा सुरू केली. ज्या खेड्यांत गणिताचा चांगला शिक्षक नाही तिथल्या मुलांसाठी ती होती. टपालाने प्रश्न जायचे, मुले सोडवून पाठवायची, विद्यापीठातले विद्यार्थी ते तपासून शेऱ्यांसह परत करायचे. एका गावच्या मुलांचा गट मिळून एक सामूहिक विद्यार्थी म्हणूनही नाव नोंदवता येई. तंत्रज्ञान किती? एक पाकीट आणि एक तिकीट. पण मुलाच्या वहीवर कोणाची तरी नजर फिरत होती, हे महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट १९७८ ची. मॉस्को विद्यापीठाच्या गणित शाखेत ज्यू मुलांना प्रवेश नाकारण्यासाठी तोंडी परीक्षेत मुद्दाम अशक्यप्राय प्रश्न विचारले जात. कागदावर भेदभाव नव्हता, "गुणवत्ता"च होती! तेव्हा बेला सुब्बोतोव्स्काया या गणितज्ञ बाईंनी आपल्या घरात वर्ग सुरू केले. चांगले गणितज्ञ तिथे मोबदला न घेता शिकवायला येत. हेच ज्यू लोकविद्यापीठ. पोलिसांचा ससेमिरा लागला, काहींना अटक झाली. १९८२ मध्ये बेलाबाई वाहनाच्या धडकेत गेल्या आणि ते काम थांबले. पण त्या घरातून शिकलेली मुले पुढे गणितात उभी राहिली.

नाकारलेल्यांनी स्वतःची सेमिनार खोली स्वतः उभी केली आणि दाराशी झगडणेही सोडले नाही. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" यातला मधला शब्द गणितालाही लागू होतो.

आपण काय करायचे

जळगाव जामोदसारख्या तालुक्यात आम्हाला सुचते ते असे.

एकट्याने मोबाईलवर ऐकू नका. आठवड्यातून एकदा विहारात किंवा वाचनालयात पाच-सात जण बसा. रेकॉर्ड केलेले व्याख्यान लावा, दर पाच मिनिटांनी थांबवा आणि कोणीतरी फळ्यावर उभे राहून तेवढे समजावून सांगा. अडले तर तो प्रश्न वहीत लिहा. न कळलेल्या गोष्टींची यादी हीच अभ्यासाची सुरुवात असते.

विसाव्या मजल्याआधी जिना चढा. एनपीटीईएल आणि स्वयंवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. १९९३ पासून एमटीटीएस हा पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचा गणित प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. आपल्या मुलांना त्याचे अर्ज भरायला लावा.

भाषेची लाज सोडा. विनयपिटकात कथा आहे. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विचारले, आपली वचने छंदस् म्हणजे वैदिक भाषेत बांधू का? तथागतांनी नकार दिला आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. इंग्रजी शिकायचीच आहे, पण गणित समजण्यासाठी ती येईपर्यंत थांबायचे कारण नाही. टिपणे मराठीत काढा, वऱ्हाडीत समजावा.

आपले जे बांधव आणि भगिनी आयआयटी, आयसर, विद्यापीठांत पोहोचले आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास द्यावा. पैसे नकोत, फक्त एका मुलाच्या वहीवर नजर फिरवावी.

आणि सरकारकडे मागणी करा. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी प्रत्येक सेमिनारची पहिली पंधरा मिनिटे पदवीच्या विद्यार्थ्याला कळेल अशी ठेवावीत, रेकॉर्डिंग खुले करावे, तालुक्याच्या मुलांना प्रत्यक्ष येण्यासाठी प्रवासखर्च द्यावा. कलम ४ ची अनुसूची हा आपल्या निवेदनांचा आणि मोर्चांचा विषय झाला पाहिजे.

गणित आपल्या पोटापासून दूर आहे, असे समजू नका. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात क्षार किती, पीकविम्याची भरपाई कोणत्या सूत्राने ठरते, जनगणनेत आम्ही किती, हे सगळे आकडेच ठरवतात. सूत्र ज्याच्या हाती, निर्णय त्याच्या हाती.

तो मुलगा पुढे एमएस्सीला गेला. सुट्टीत आला की आमच्या बैठकीत येतो. गेल्या वेळी त्याने त्या जुन्या सेमिनारमधली पहिली व्याख्या फळ्यावर लिहिली आणि लहान पोरांना तासभर समजावली. एका मुलीने मध्येच थांबवून विचारले, "दादा, हे असंच काऊन?" त्याला उत्तर लगेच देता आले नाही. तो म्हणाला, "थांब, पाहू दे." आणि खडू तिच्या हाती दिला.

ती उठून फळ्याजवळ गेली. कोणी गलका केला नाही. आमच्या फळ्यामागे डबे नसतात.

जय भीम! नमो बुद्धाय!